दातवाल्या आईची मार्था

मार्था, तुझ्या मातीला फादर म्हणाले की तू दुखणं हसत सोसलंस. मी शेवटच्या बाकावर बसले होते. उठून सांगावंसं वाटलं, फादर, ती हसत नव्हती, तिचा जबडाच उघडत नव्हता. एक बोट आत जात नव्हतं. सव्वीस वर्षं दातांच्या दवाखान्यात काम करतेय, मला तेवढं कळतं. पण उठले नाही. तुमच्या चर्चमध्ये मी कायम शेवटच्या बाकावर बसले आणि तिथून कधी बोलले नाही. आपल्यात भांडणं व्हायची ती बाहेर, भांडी घासताना.

फादर पुढं म्हणाले, ही धर्मासाठी प्राण दिलेल्या रक्तसाक्षी संत अपोलोनियाची खरी लेक. ती जशी आपल्या पायानं आगीत गेली, तशी हीसुद्धा न कुरकुरता देवाकडं गेली. बायका हुंदके द्यायला लागल्या. तुझी रूथ पुढच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. मला रडू आलं नाही. मला तुझा राग आला होता. अजून आहे. म्हणून लिहायला बसलेय. आमच्या बौद्धांत गेलेलं माणूस वर बसून काही वाचत नाही. तुमच्यात वाचत असेल तर वाच.

आपली गाठ पडली तीच दातामुळं. मी सातवीत, तू आठवीत. आमचं गाव तळेघरच्या अलीकडं डोंगरात, एसटी आली तर आली, म्हणून वडिलांनी मला जुन्नरला सिस्टरांच्या वसतिगृहात ठेवलं. वस्तीतले लोक म्हणत होते, पोरीला ख्रिश्चन करतील. वडील म्हणाले, "आमच्या बापानं एकदा धर्म बदललाय, आता घडी घडी कोन बदलतंय," आणि माझी पत्र्याची पेटी खाली ठेवून निघून गेले. चौथ्या दिवशी माझी दाढ ठणकायला लागली. सिस्टर गावाला गेलेल्या. मी हौदामागं बसून रडत होते. तू आलीस, आळे गावची, लांब वेण्यांची, मोठ्या आवाजाची. स्वयंपाकघरातून लवंग आणलीस आणि स्वतःच्या बोटानं माझ्या दाढेत दाबलीस. मग वहीतून एक चित्र काढलंस, पत्त्याएवढं. त्यात एक बाई, हातात पक्कड, पकडीत दात.

"ही दातवाली आई," तू म्हणालीस. "हिला सांग."

"आम्ही देव मानत नाही," मी म्हणाले. दाढ ठणकत असताना सुद्धा हे म्हणाले, कारण वडिलांनी बजावून ठेवलं होतं.

"देव न्हाई गं ही. बाई हाय. हिचं समदं दात पाडलं व्हतं. दुखतं कसं ते हिला ठावं असंल का न्हाई?"

त्या बोलण्यावर मी तुझी झाले. दाढ थांबली ती लवंगेनं, असं मी पुढं तुला कायम सांगत आले, आणि तू म्हणत आलीस, आईनं. वसतिगृहात तू माझ्यासाठी किती खोटं बोललीस. मी दप्तरात आणलेली चिंच तुझी म्हणून सांगितलीस, मी फोडलेली काच वाऱ्यानं फुटली म्हणालीस. तेव्हा मला ते किती गोड वाटायचं. खोटं बोलताना तुझा आवाज जरासुद्धा हलायचा नाही, हे मी तेव्हाच लक्षात ठेवायला पाहिजे होतं.

पुढं माझं लग्न जुन्नरातच झालं, मी बाजारातल्या गल्लीत मॅडमच्या दातांच्या दवाखान्यात लागले. तू आळ्यात अंगणवाडीची सेविका झालीस. तुझे मिस्टर रूथ लहान असतानाच गेले आणि तू अंगणवाडी, चर्च आणि ती पोर एवढ्यावर आयुष्य लावलंस. आळ्याचं तुमचं चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली, महिन्यातून दोनदा फादर मिस्साची प्रार्थना करायला यायचे. बाकी सगळं तूच. वाचन तू, गाणं तू, झाडणं तू. ते वहीतलं चित्र तू स्टुडिओतून मोठं करून आणलंस, काच लावून भिंतीवर टांगलंस आणि फेब्रुवारीतल्या तिच्या सणाला लोकांना बोलवायला लागलीस.

आधी तुमचीच पाच-सात घरं यायची. मग कुणाचा तरी दात राहिला, कुणाची सूज उतरली. चार वर्षांत मळ्यातल्या बायका यायला लागल्या, आमच्या वस्तीतल्या यायला लागल्या, फाट्यावरच्या दुकानातल्या मारवाडीणकाकू एकदा तोंडाला पदर लावून येऊन गेल्या. तुमच्या त्या संतिणीचं नाव कुणालाच नीट घेता यायचं नाही. "दातवाली आय" एवढंच. नारळ नाही, हार नाही, चित्राखाली दोन लवंगा ठेवायच्या. ती पद्धत तुझीच. आणि लवंग ठेवून निघालेल्या प्रत्येकीला तू दारात अडवायचीस.

"आईला सांगून झालं ना? आता जुन्नरला जा. बाजारगल्लीत सुजाताला भेट, म्हनावं मार्थानं धाडलंय."

आमच्या मॅडम हसायच्या. म्हणायच्या, तुमच्या मैत्रिणीमुळं आपला दवाखाना चालतोय. खरंच होतं ते. तळेघरहून एक बाई चालत, मग जीपनं, मग एसटीनं आली होती, गाल लिंबाएवढा सुजलेला. घोडेगावच्या बाजारात तिला कुणीतरी तुझ्या दातवाल्या आईचं सांगितलेलं. ती आधी आळ्याला जाऊन आली आणि मग आमच्याकडं. मी चिडून तुला फोन केला, "अगं, सरळ इकडं पाठव ना, तेवढा वेळ का घालवतेस?" तू म्हणालीस, "सुजे, ती डॉक्टरला भेती. आईला भेत न्हाई. आई तिला तुज्यापर्यंत आनून सोडती." शेकडो माणसांना तू अशी हाताला धरून दवाखान्याच्या दारात आणून सोडलंस, मार्था.

सणाच्या दिवशी गोष्ट तू सांगायचीस. पुस्तकातनं वाचून नाही, तोंडानं, अंगणवाडीतल्या पोरांना सांगतेस तशी. अलेक्झांड्रिया नावाचं शहर, समुद्राकाठी, आपल्या जुन्नरहून लई मोठं. तिथं ही अपोलोनिया. तरणी नव्हं, म्हातारी. लगीन केलेलं न्हाई, गरिबांच्या घरी जायाची, आजाऱ्याचं करायची. "ती पन सेविका अन् मी पन सेविका," इथं तू दर वर्षी म्हणायचीस आणि बायका दर वर्षी हसायच्या. मग शहरात दंगल उसळली. ख्रिस्ती लोकांची घरं फोडली. हिला रस्त्यात धरली, थोबाडावर एवढं मारलं की समदं दात पडलं. गावाबाहेर लाकडं रचली, जाळ केला. म्हनले, आमी सांगतो तसं बोल, तुज्या देवाला शिव्या दे, न्हाईतर जित्ती जाळतो. ती म्हनली, जरा सोडा मला. त्यांनी हात सोडले. अन् ती आपनहून जाळात गेली.

इथं सगळी चित्राकडं बघायची. लहान पोरंसुद्धा.

पहिल्या वर्षी गोष्ट संपल्यावर आपण बाहेर पातेली घासत होतो आणि मी म्हणाले, "म्हणजे तिनं स्वतःच उडी मारली?"

"व्हय."

"कुणी ढकललं नाही?"

"न्हाई."

"मग त्याला जीव देणं म्हणतात, मार्था."

तू पातेलं खाली आपटलंस. "जाळनारच व्हते ना तिला? मग कुनी उचलून टाकन्यापरीस आपल्या पायानं गेली. ते जीव देनं न्हाई. ते रक्तसाक्ष."

"जरा थांबली असती. कुणीतरी आलं असतं."

"कोन येनार व्हतं?"

"असेल ना कुणीतरी. शेजारीण असेल, मैत्रीण असेल. ऐकल्याबरोबर ती धावत निघाली असेल. ती तिथं पोचली आणि हिनं आधीच उडी मारलेली. मग तिनं काय करायचं?"

तू राखेचे हात तसेच धरून माझ्याकडं बघत राहिलीस आणि मग हसलीस. "तिचं नाव कुटं लिहिल्यालं न्हाई," म्हणालीस.

दर वर्षी हेच भांडण. एकदा तू फादरनाच विचारलंस. ते म्हणाले, हा प्रश्न मोठमोठ्या विद्वानांना पडलेला आहे. तू मला येऊन सांगितलंस, "बग, तू विद्वान निघालीस." पण मानलं नाहीस. मी पण मानलं नाही. आमच्यात, जगून दुसऱ्याला वाट दाखवणाऱ्याला हात जोडतात, आगीत जाणाऱ्याला नाही, असं मी एकदा जोरात म्हणाले, तर तू दोन दिवस बोलली नाहीस. मग बाजारच्या दिवशी दवाखान्यात आलीस आणि वाटाण्याच्या शेंगांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून न बोलता निघून गेलीस. तुझी तडजोड अशी.

आता जे लिहिते ते तुझ्याखेरीज कुणाला सांगता यायचं नाही. माझी पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. सासरचे लोक म्हणत होते, पडू द्या, दुःख ओसरेल. तू आळ्याहून आलीस आणि माझं मनगट धरलंस. मी नको म्हणाले. हे मधे पडले तर त्यांना म्हणालीस, "भाऊ, तुमी जरा बाजूला व्हा." केस विंचरले नव्हते, साडी बदलली नव्हती. तशीच ओढत एसटीत घातलीस आणि तुझ्या अंगणवाडीत तीस पोरांच्या मधे बसवलंस. हातात खिचडीचा डाव दिलास. म्हणालीस, "वाढ." एका पोरीनं माझ्या मांडीवर ताटली ठेवून दिली. महिनाभर तू रोज फाट्यावर माझी वाट बघत उभी असायचीस. माझ्या पोटी पुढं दोन मुलं झाली, पण त्याआधी मी जगले ती त्या महिन्यानं. तेव्हा तू मला विचारलं होतंस का, सुजे, तुझी इच्छा आहे का? धरून नेलंस. मी कधी त्याबद्दल तुला काही बोलले नाही. असं बोलून दाखवायचं नसतं असं वाटायचं.

तुझ्या मिश्रीवरून मात्र पुष्कळ बोलले. अंगणवाडीच्या भिंतीवर तंबाखूविरुद्धचा कागद तू स्वतःच्या हातानं चिकटवलेला आणि घरी तव्यावर तंबाखू भाजायचीस. सकाळी एकदा, दुपारी एकदा, बोटानं हिरड्यांना लावून बसायचीस. "माज्या आईनं लावलेली सवय. न्हाई लावली तर दात शिवशिवत्यात." तुझी मिश्रीची डबी मी तीनदा गटारात टाकली. चौथ्यांदा तू ती लपवलीस.

गेल्या पावसाळ्यात तू म्हणालीस, गाल आतून चावला गेलाय, तिखट झोंबतंय, महिना झाला. मी तुला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला. डाव्या गालाच्या आत पांढरा डाग, कडेला लाल, चिंचोक्याएवढा. हातमोजा घालून बोट लावलं तर खाली घट्ट लागलं. मी लगेच मॅडमना बोलावलं. मॅडमनी बघितलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, पुण्याला जा, तुकडा काढून तपासून घ्या, उशीर करू नका. तू खुर्चीतून उठत म्हणालीस, "बरं." मी म्हणाले, मी येते. तू म्हणालीस, "रूथ हाय की मंचरला. ती येती. तू कशाला रजा काडती?" मी मॅडमची चिठ्ठी तुझ्या हातात कोंबली. "पंधरा दिवसांत मला सांगायचं. शपथ आहे." तू चिठ्ठी ब्लाउजमध्ये ठेवलीस.

बाराव्या दिवशी तुझा फोन आला. "सुजे, काय न्हाई निघालं गं. बुरशी म्हनले. गोळ्या दिल्यात, चूळ भरायचं औषध दिलंय."

आवाज जरासुद्धा हलला नाही.

मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. पेशंट बघत होते, मला त्याचं काही वाटलं नाही. मग गल्लीच्या तोंडाशी जाऊन पेढे आणले आणि वाटले. मॅडमना दिले, पेशंटना दिले, खालच्या मेडिकलवाल्याला दिले. पुढच्या बाजारला तू आलीस तेव्हा तुझ्यासाठी मुद्दाम ठेवलेला पेढा माझ्या हातानं तुझ्या तोंडात घातला. तू तो जिभेनं उजव्या गालात सारलास आणि कितीतरी वेळ चघळत राहिलीस. मी समोर उभी होते. मी बघत होते. मला काही दिसलं नाही.

मी तुझ्याकडं रिपोर्ट मागितला नाही. प्रत्येक पेशंटला मी म्हणते, तोंडानं सांगू नका, कागद दाखवा. भीतीनं माणसं खोटं बोलतात, एवढ्या वर्षांत पाहिलंय मी. तुला तेवढं विचारलं नाही. तू खोटं बोलशील असं वाटलं नाही म्हणून नाही, विचारायची गरजच वाटली नाही म्हणून.

फेब्रुवारीच्या सणाला मी आले. तू वाळली होतीस. पदर तोंडावर धरून बोलत होतीस, शब्द जड पडत होते. मी विचारलं तर म्हणालीस, दात काढलाय. "कुठं?" "फाट्यावर. एकाएकी ठणकला म्हनून." आणि मार्था, मला काय वाटलं माहितेय? मला राग आला की तू आमच्या दवाखान्यात न येता दुसरीकडं गेलीस. तेवढ्यावरून मी फुगले. त्या दिवशी तू गोष्ट अगदी थोडक्यात सांगितलीस आणि शेवटी, ती जाळाकडं जाते तिथं, जराशी थांबून मागच्या बाकाकडं, माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, नेहमीसारखं चिडवतेयस. मी तोंड फिरवलं. पातेली घासायला थांबले नाही. मग महिनाभर फोन केला नाही. तुझ्या खोट्यात गेलेल्या दिवसांत माझा हा एक महिना मिळवला की उपचाराचा सगळा वेळ संपतो.

मार्चमध्ये अंगणवाडीच्या मदतनीस बाई दात दाखवायला आल्या. म्हणाल्या, मार्थाबाई रजेवर आहेत, लेकीकडं मंचरला, लई आजारी. मी अॅप्रन काढला आणि तशीच एसटीत बसले.

रूथनं दार उघडलं आणि दारातच उभी राहिली. "मावशी, आई झोपलीय." तिच्या मागून वास आला. तो वास मी ओळखते, तो एकाच दुखण्याचा असतो. मी तिला बाजूला सारून आत गेले. तू कॉटवर भिंतीला टेकून बसली होतीस, गळ्यापासून गालापर्यंत ओढणी गुंडाळलेली. माझ्याकडं बघितलंस आणि डोळे मिटलेस, पोरं चोरी सापडली की मिटतात तसे.

मी ओरडले. आजारी माणसासमोर ओरडू नये, पण ओरडले. "पेढे वाटले मी! अख्ख्या गल्लीत पेढे वाटले!" शेजारच्या बायका दारात आल्या. दुसरं काही मला सुचतच नव्हतं, पेढे, पेढे, एवढंच. तू कॉटवर हात आपटलास. बस, म्हणून. मी बसले.

पुढचे पाच रविवार मी आले. बुधवारी-गुरुवारी रूथ पट्टी बदलायची, रविवारी मी. ओढणी सोडायची, खालचं धुवायचं, नवं बांधायचं. तू दुखलं की माझं मनगट धरायचीस, पण हूं का चूं करायची नाहीस. प्रत्येक रविवारी हात धुऊन झाल्यावर मी एकच विचारायचे, "मला का नाही सांगितलंस?" तू भिंतीकडं बघायचीस. फक्त चौथ्या रविवारी तू काहीतरी बोललीस. मला कळलं नाही. मी म्हणाले, परत म्हण. तू परत म्हणालीस. नाहीच कळलं. लोकांच्या तोंडात कापसाचे बोळे असतात, तोंड अर्धं बधिर असतं, तेव्हा ते काय म्हणतात ते मी मॅडमना सांगते, गेली सव्वीस वर्षं. तुझं मला ओळखता आलं नाही. तिसऱ्यांदा तू प्रयत्न केला नाहीस. हात हलवलास, राहू दे म्हणून.

सहावा रविवार आलाच नाही. गुरुवारी दुपारी रूथचा फोन आला तेव्हा मी एका पेशंटच्या तोंडातली नळी धरून उभी होते.

तुला पुरल्यावर तीन आठवड्यांनी मी आळ्याला आले. एकटीच आले होते. तुझ्या मातीवर अजून फरशी बसवलेली नव्हती, नुसता लाकडी क्रूस. आणि ढिगावर लवंगा. चार-दोन नाही, मूठ-मूठ. कडेला एक म्हातारी वाकून आणखी ठेवत होती. आमच्याकडून कवळी करून घेतलेली म्हातारी, तिनं मला ओळखलं.

"आता दातवाल्या आयकडं कशाला जायाचं?" म्हणाली. "मार्थाबाईच हाय की हितं. समद्यांची दुखनी तिनं अंगावर घेतली, म्हनून तर तिचं असं झालं. सुनंचा गाल दुकतोय, तिला सांगाया आली."

"सुनेला उद्या दवाखान्यात आणा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"आनती की. आदी हितं ठिवलं, आता आनती. मार्थाबाईनंच सांगून ठिवलंय तसं."

ती खरंच दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन आली. अक्कलदाढ होती, दुसरं काही नाही. पण त्या क्षणी माझं डोकं फिरलं होतं. फादरनी तुला रक्तसाक्षीची लेक केलं होतं, आता या बाया तुला तीच करून टाकत होत्या. कुणाची दुखणी अंगावर घेतलीस तू? मिश्री घेतलीस अंगावर. आणि रिपोर्ट लपवलास. म्हातारी गेल्यावर मी खाली बसले आणि लवंगा वेचायला लागले. एकेक करून पदरात घेत होते. माती, खडे, सगळं येत होतं हातात. मागून रूथ कधी आली मला कळलं नाही.

"मावशी, काय करताय?"

"तुझ्या आईला माणूस राहू द्या," मी म्हणाले. "तिनं मला फसवलं. माझ्या तोंडावर खोटं बोलली. आणि तूसुद्धा. हे कुणीतरी लक्षात ठेवायला पाहिजे."

रूथ माझ्याशेजारी मातीत बसली. मग म्हणाली, "पुण्याला आम्ही गेलो होतो मावशी. तुकडा काढला. आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला परत गेलो. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, बरी होण्याची आशा आहे अजून. पण डावा जबडा काढावा लागेल आणि जिभेचा थोडा भाग. बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही. आई एसटीत बसल्यावर म्हणाली, पोरांना गानं कसं म्हनायचं, गोष्ट कशी सांगायची. नगं मला. मी रडले, भांडले. ऐकलंच नाही तिनं. मला बायबलवर हात ठेवायला लावला, सुजाताला सांगायचं नाही म्हणून."

"पण मलाच का?" मी म्हणाले. "जगाला सांगू नका म्हणाली असती तर समजलं असतं. मला का नाही?"

रूथनं मान वर केली नाही. "मी पण हेच विचारलं तिला. म्हणाली, सुजाताला कळलं तर ती मला धरून नेईल. अन् तिनं हात धरला तर मला न्हाई म्हनता यायचं न्हाई."

मार्था, हे ऐकल्यापासून मी कामावर जाते, स्वयंपाक करते, माणसांशी बोलते, पण कानात सारखं तेच. रूथला वाटलं, मला बरं वाटेल. आईचा तुमच्यावर एवढा जीव होता, असं ती म्हणाली पण. मला बरं वाटलं नाही. अख्ख्या जगात एका माणसाला तुला नाही म्हणता आलं नसतं, आणि नेमकं त्याच माणसाला तू वाटेतून काढलंस. म्हणजे तू आली असतीस. तुझी इच्छा नसताना, शिव्या देत, रडत, पण आली असतीस. हे तुला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होऊ दिलं नाहीस. तुझा देव क्षमा करतो म्हणतात. मी अजून केलेली नाही. करीन असंही आज लिहून देत नाही.

आणि बोलण्याचं काय घेऊन बसलीस? तुझ्या अंगणवाडीत मी महिनाभर बसलेय, मला माहितेय ती पोरं कशी बोलतात. एकाला र म्हणता येत नाही, एकाला स म्हणता येत नाही, निम्म्यांचं दुसऱ्याला कळत नाही, तरी दिवसभर त्यांचं एकमेकांशी चालू असतं. अर्ध्या जबड्याची, बोबडी बाई आली असती तर त्यांनी एक दिवस टकमक बघितलं असतं आणि दुसऱ्या दिवशी मांडीवर येऊन बसली असती. त्यांना तू चालली असतीस, मार्था. मला चालली असतीस.